माझ्या पाठीवरच्या चिठ्ठ्या

मी शिक्षकांच्या खोलीतला प्रिंटर बोलतोय. बोलतो हळू, छापतोही हळूच. घाई असेल त्यांनी वरच्या मजल्यावर जावं, तिथला नवा आहे.

अकरा वर्षं शाळेत आहे, पण शिकलो काही नाही. अक्षरं माझ्यातून जातात, राहत नाहीत. कागद मात्र ओळखतो. कुठला वर्गात जातो आणि कुठला खणात, ते मला कळतं, कारण खण माझ्याच खाली आहे.

शाळेनं तीन ऑनलाइन लायब्रऱ्या घेतल्या होत्या, आकारिक मूल्यमापनासाठी. म्हणजे परीक्षेची वाट न बघता, शिकवता शिकवताच मुलाचं कुठे अडलंय ते बघायचं. त्याचे कागद तिथे तयार मिळतात. एका लायब्ररीत बारा हजार कागद. दुसरीतली चित्रं हलतात. एक अगदीच साधी, पांढऱ्यावर काळी यादी.

साधीतून कागद काढायच्या त्या फक्त गणिताच्या बाई. अर्ध्या पानाची चिठ्ठी: 'आज कुठे अडलं?' खाली तीन रेघा, नावाला जागाच नाही. मागोमाग बाईंसाठी एक पान यायचं: अमुक ठिकाणी अडलं तर उद्या काय करून बघावं. तास संपताना मुलं चिठ्ठ्या भरायची. मधल्या सुट्टीत बाई गठ्ठा माझ्या पाठीवर ठेवून वाचायच्या.

दोन महिने चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांवर 'सगळं कळलं'. मग एक दिवस एकीवर आलं, 'भागाकारात पुढचा आकडा खाली का उतरवतात?'

बाईंनी ती चिठ्ठी गठ्ठ्यातून बाजूला काढली.

"काय झालं हो?" भूगोलाच्या सरांनी विचारलं.

"कोणीतरी खरं लिहिलं."

दुसऱ्या दिवशी त्या काड्यांच्या जुड्या घेऊन वर्गात गेल्या. युक्ती त्या मागोमाग येणाऱ्या पानातलीच. जुड्या सोडून वाटताना त्या दिवशी अडलेली सतरा मुलं निघाली.

तेवढ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी सांगितलं, "तिन्हींतली एकच ठेवायची आहे. मूल्यमापन करा." फॉर्म मीच छापला. चार पानं, छत्तीस प्रश्न. रंगसंगती आकर्षक आहे का, संख्या पुरेशी आहे का. वर्गात वापरून पाहिलं का, हा प्रश्न नव्हता. मला वाटलं, कागद अडकून माझ्यातच राहिला असेल. नव्हता राहिला.

सगळ्यांनी दहा मिनिटांत फॉर्म भरले.

"सर, शेजारच्याचं बघून लिहिताय?" गणिताच्या बाईंनी भूगोलाच्या सरांना विचारलं.

"अहो, सहकार्य म्हणतात याला."

बारा हजारवालीला पाचपैकी पाच मिळाले, साधीला दोन. साधी बंद होणार, हे ठरल्यातच जमा होतं.

सभा माझ्यासमोरच भरली. गणिताच्या बाईंनी आधी अकरा चिठ्ठ्या काढून वाटल्या, मोठ्या बाईंनाही दिली. "लायब्रऱ्या तपासताना कुठे अडलं, तेवढं लिहा. नाव नको."

"आता आमची परीक्षा का?" कोणीतरी विचारलं.

"परीक्षा नाही. गुणच नाहीत."

मोठ्या बाई वाचू लागल्या. 'सगळं कळलं.' असं सात वेळा. आठवी चिठ्ठी: 'पासवर्ड पहिल्या सत्रापासून सापडत नाही.' नववी: 'बारा हजारांतलं कुठलं घ्यायचं?' दहावी: 'पाच गुण दिले. उघडली नव्हती.' भूगोलाचे सर खिडकीबाहेर बघू लागले.

अकरावी त्यांनी वाचली नाही, घडी करून पर्समध्ये ठेवली. ती त्यांचीच होती. माझ्या झाकणावर टेकून लिहिलेली: 'हा फॉर्म कशासाठी, ते मलाच कळलं नाही.'

"सगळं कळलं म्हणणाऱ्यांचं वर्गात काय करता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी देते."

फॉर्म खणात गेले. महिनाभर तिन्ही लायब्रऱ्या वर्गात वापरायच्या, मग बोलायचं, असं ठरलं.

परवा भूगोलाच्या सरांनी चाळीस चिठ्ठ्या काढल्या. सुट्टीत गठ्ठा माझ्या पाठीवर ठेवून वाचताना थांबले.

"काय झालं हो?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"नकाशात उत्तर दिशा वरच का, म्हणून विचारलंय."

"मग?"

"मग काय! मी वीस वर्षं नुसती दाखवतोय."

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

महिनाअखेर मला तळघरात नेणार आहेत, वरचा नवा इथे येईल. माझी तक्रार नाही. पण त्याची पाठ उतरती आहे, गठ्ठा घसरतो. शेजारी एक स्टूल ठेवा, एवढंच मागणं.