अब्दुल मौजूदची तिसरी शपथ

या, जरा पुढे सरका. मागचेही या, माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. शेख हुसैनी अजून हातपाय धुऊन वजू करताहेत, डफवाला वाटेत आहे, त्यांचं प्रवचन रंगायला अवकाश आहे. तोवर मी एक गोष्ट सांगतो. शेख गाऊन सांगतात, मी नुसतीच सांगणार, तेवढं सांभाळून घ्या. तुम्ही पलीकडच्या काठाची मंडळी, तुम्हाला ठाऊक नसेल. पण या वाडीतला एक संसार एकदा सोळा परक्यांच्या जेवणावर टांगला होता.

मी बशंदी. सव्वीस वर्षं लक्सरला सहलीची बस चालवली. सहलीला येणारी माणसं भली असतात हो. फक्त त्यांच्या हातात एक कागद असतो. कुठे काय दिसेल, तिथे किती वेळ थांबायचं, कशाला हात लावायचा नाही, सगळं त्यात आधीच लिहिलेलं. 'दहा वाजता थक्क करणारं दृश्य, वीस मिनिटं.' माणसं खरोखर दहा वाजता थक्क होत आणि दहा-वीसला बसमध्ये येऊन बसत. त्याच कागदावर आमच्या वाडीचंही नाव होतं. 'खऱ्याखुऱ्या गावातून फेरफटका, अर्धा तास.' त्याआधी ती माणसं कुठल्या खोट्या गावात राहून आली होती, अल्ला जाणे.

त्या जानेवारीत हॉलंडहून सोळा जणांची टोळी आली. सगळे पांढऱ्या केसांचे. त्यांची पुढारी हानेकेबाई, उभा जन्म शाळेत मुख्याध्यापिका. खुद्द मुदीर, म्हणजे जिल्ह्याचे बडे साहेब, समोर आले तरी उठून उभे राहतील अशी नजर. त्यांचे एक सोबती योपसाहेब, त्यांचं पोट तीन दिवसांपासून बिघडलेलं, म्हणून ते झावाच्या झाडाखाली उभ्या बसमध्येच पडून होते. आणि वाटाड्या म्हणून कैरोची शाहिनाझ. पोरगी हुशार, पण दुसराच हंगाम. आदल्या आठवड्यात एकदा टोळीची मुक्कामाची बोट चुकवल्यामुळे तिला ताकीद मिळालेली.

बसमध्ये तिने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, "लोक जेवायला बोलावतील. ती रीत आहे, मनावर घ्यायची नाही. छातीवर हात ठेवा, हसा आणि चालत राहा. एक वाजता बोट सुटते."

तिचं चूक नव्हतं. आमच्याकडे काठावरून जाणाऱ्याला नावाडी होडीतूनच ओरडतो, "या, जेवायला या!" जाणाराही ओरडतो, "अल्ला बरकत देवो!" दोघांनाही ठाऊक असतं की मध्ये नील नदी आहे.

पण अब्दुल मौजूदच्या घरासमोर नदी नाही, बोळ आहे.

हा अब्दुल मौजूद माझा बालमित्र. मन मोठं, मिशी त्याहून मोठी आणि जीभ सगळ्यांत मोठी. कुठलीही गोष्ट पटवायची तर हा आपला बायकोची शपथ घेणार. "हे नाही झालं तर माझ्या बायकोला तलाक!" आमच्याकडचे पुष्कळ पुरुष असं बोलतात, अल्ला त्यांना शहाणपण देवो. पण याचं दोनदा खरं झालं होतं. एकदा हा म्हणाला, मेहुणा जेवल्याशिवाय जाणार नाही, आणि मेहुण्याला गाडी गाठायची होती, तो गेला. दुसऱ्यांदा म्हशीच्या सौद्यात. दोन्ही वेळा शेख हुसैनींनी मान हलवून निकाल दिला की तलाक लागू झाला, आणि दोन्ही वेळा नवराबायकोने पुन्हा सुलूख केला. दुसऱ्या खेपेला शेख म्हणाले होते, "अब्दुल मौजूदा, आता एकच धागा उरलाय. तिसऱ्यांदा तुटला की मग मी नाही बांधून देऊ शकत. दहब तुला परकी होईल."

तेव्हापासून चार वर्षं तो शपथेच्या जागी खोकायचा.

तर त्या दिवशी तो दाराशी ओट्यावर बसला होता आणि हे पंधरा जण बोळात आले. तो उठला. "या, या, चहा घ्या!" पंधरा हात छातीवर. पंधरा हसू. "अहो जेवूनच जा!" पुन्हा पंधरा हात. "माझं घर उजळेल!" पुन्हा तेच, आणि पाय चालूच. इतक्या नम्रपणे कुणी त्याचा जन्मात अपमान केला नव्हता. मिशी थरथरायला लागली.

आणि मंडळी, कबूल करतो, काडी मी टाकली. मी मागून येत होतो. म्हणालो, "काय रे अब्दुल मौजूद, बसमधला एक धरून सोळा माणसं तुझ्या दारावरून उपाशी चालली. भट्टी विझली का तुझी?"

तो खोकायला गेला. खरंच गेला, मी पाहिलं. पण खोकला वेळेवर आला नाही.

"हे सोळाच्या सोळा माझ्या घरी जेवल्याशिवाय वाडीबाहेर पडले, तर माझ्या बायकोला तलाक!"

शाहिनाझ पांढरीफटक. "काका, परत घ्या ते," ती म्हणाली.

"शब्द आहे तो पोरी, बकरी नव्हे, परत गोठ्यात बांधायला," अब्दुल मौजूद म्हणाला, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दार उघडलं. दहब बाहेर आली, कोपरापर्यंत पिठाचे हात. तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"बशंदीभाऊ, तुमच्या जिभेला आज सुट्टी नव्हती वाटतं?"

"वहिनी, चुकलं."

"चुकलं म्हणे. एकाने काडी टाकायची, दुसऱ्याने घर पेटवायचं, आणि पाणी मी आणायचं." आणि ती ओट्यावर बसली. "नाही आणत जा."

"अगं दहब..." अब्दुल मौजूद म्हणाला.

"सोळा माणसांचं जेवण आहे. तुमची शपथ, तुम्हीच शिजवा."

शेजारच्या बायका जमल्या. कुणी म्हणे, माझ्याकडे दोन बदकं आहेत, कापते. कुणी म्हणे, ऊठ गं रजबच्या आई, घर मोडेल. दहब ओट्यावरून हलेना. हातावरचं पीठ वाळून पापुद्रे निघत होते, ते ती शांतपणे काढत बसली. कुणीतरी शेख हुसैनींना बोलवायला धावलं.

इकडे हानेकेबाईंनी शाहिनाझला धरलं. "काय चाललंय?"

शाहिनाझ गोड हसून म्हणाली, "गावकऱ्यांनी तुमच्यासाठी खास जेवण ठेवलंय."

"मुली, मी छत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय. खोटं बोलणारा चेहरा मला मागूनही ओळखू येतो. खरं सांग."

तिने खरं सांगितलं. ते पंधरा जणांत पसरत गेलं तसे त्यांचे छातीवरचे हात एकेक करून खाली आले. एका म्हाताऱ्याने घड्याळ पाहिलं आणि त्याच्या बायकोने त्याच्या हातावर चापट मारली. बाकीचे म्हणाले, मग जेवू या, त्यात काय, बोट गेली तर गेली.

"थांबा," हानेकेबाई म्हणाल्या. त्या सरळ ओट्यापाशी गेल्या आणि दहबशेजारी बसल्या. शाहिनाझला म्हणाल्या, "हिला विचार. आम्ही जेवलो तर हिचं लग्न राहतं. आम्ही आत्ता निघालो तर ही सुटते. हिला काय हवंय? ती सांगेल तसं आम्ही करू."

शाहिनाझने विचारलं.

मंडळी, मी शेखांची शेकडो प्रवचनं ऐकलीत. डफ थांबतो आणि ते श्वास घेतात, तेव्हा जशी शांतता होते ना, तशी शांतता मी त्या बोळात ऐकली. कारण हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. दोनदा तलाक झाला, दोनदा सुलूख झाला, शेखांनी निकाल दिला, भावांनी समजूत घातली, मी मिठाई खाल्ली. तिला कुणी विचारलं?

दहबने त्या बाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारतंय. मग जरा विचार करू द्या की."

आणि खरंच विचार करत बसली! अब्दुल मौजूद उन्हात उभा, पागोटं सुटून खांद्यावर आलेलं. एवढा मोठा माणूस, शेळीने पाला खाल्लेल्या झाडासारखा दिसत होता.

"घोरतो," दहब म्हणाली. शाहिनाझ ते बाईंना त्यांच्या भाषेत सांगत गेली. "विकत घेतलेल्या वस्तूची किंमत कधी खरी सांगत नाही. माझ्या आईशी भांडला. पाहुणा दिसला की याला घरातलं पीठ दिसत नाही." हानेकेबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, जणू गुण मांडताहेत.

"आणि?" बाई म्हणाल्या.

दहबने हातावरचं उरलंसुरलं पीठ झटकलं. मग सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी बोलली, "आणि रजब झाला तेव्हापासून, माझी कंबर धरते म्हणून, हा रोज फजरच्या नमाजाआधी उठतो आणि भाकरीची भट्टी स्वतः पेटवतो. राखेने हात काळे होतात ते कुणी पाहायच्या आत धुऊन टाकतो."

अहो, काय हशा झाला! आमच्याकडे पुरुषाने भट्टी पेटवायची म्हणजे... पोरंसुद्धा गच्चीवरून ओरडायला लागली, "काका, आमचीही पेटवा!" अब्दुल मौजूदला जमीन गिळेना. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर रक्त सांडलं असतं. तो नुसता म्हणाला, "दहब, हे सांगायलाच हवं होतं का?"

"तुम्ही माझा तलाक बोळात सांगता, मी तुमची राख सांगितली," ती म्हणाली. मग हानेकेबाईंचा हात धरून उठली. "यांना म्हणावं, बसा. मला हा राहू दे. पण एका अटीवर. आजपासून शपथ घ्यायची तर आपल्या मिशीची घ्यायची. शब्द मोडला की मिशी जाईल, मी नाही."

"मिशीची?" अब्दुल मौजूदचा हात आपोआप ओठावर गेला.

"का? माझ्यापेक्षा ती जड वाटते?"

मंडळी, त्या माणसाने पूर्ण एक श्वास विचार केला. मग मान डोलावली.

पुढचा तास विचारू नका. शेजारणींची बदकं आली, मुलुखियाची पातळ भाजी रटरटली, उन्हात फुगवलेल्या भाकरी घराघरांतून डोक्यावरून आल्या. परक्या बायका चुलीशी बसून पानं निवडायला लागल्या, आणि शाहिनाझने फोन बंद करून झग्याच्या बाह्या सारल्या. पंधरा जण बोटं चाटत जेवले.

पण शपथ सोळाची होती. योपसाहेब बसमध्ये. त्यांना वासानेच मळमळायचं.

अब्दुल मौजूद स्वतः ताट घेऊन गेला. बसच्या पायरीवर उभा राहून तो आमच्या भाषेत गयावया करत होता, योपसाहेब त्यांच्या भाषेत नकार देत होते, आणि दोघांनाही एकमेकांचं नेमकं कळत होतं. शेवटी दहब आली. तिने ताट बाजूला ठेवलं आणि वाटीत साध्या भाताची पेज पुढे केली, वरून लिंबू पिळलेलं. हानेकेबाई मागून एकच शब्द बोलल्या. काय बोलल्या कळलं नाही, पण योपसाहेब विद्यार्थ्यासारखे उठून बसले आणि त्यांनी एक चमचा गिळला.

शेख हुसैनी एव्हाना येऊन पोचले होते; आता सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. एक चमचा पेज, तीही घरात नाही, बसमध्ये. हे जेवण झालं का?

शेखांनी दाढी कुरवाळली. मग हळूच गायलाच लागले, तिथेच, धुळीत, डफाशिवाय. ते पैगंबर आठवतात का, ज्यांनी आजारपणात त्राग्याने बायकोला शंभर फटके मारायची शपथ घेतली होती? आणि दयाळू परवरदिगाराने सांगितलं, शंभर काड्यांची गवताची पेंढी घे, एकदाच हळूच टेकव, शपथ पुरी झाली. शेखांचा आवाज तिथे असा वर गेला, असा वर गेला की मला आजही अंगावर काटा येतो. "जो परवरदिगार शंभर फटके गवताच्या पेंढीत बसवतो," शेख म्हणाले, "त्याला चमचाभर पेजेत एक जेवण बसवणं जड आहे काय? आणि बस उभी आहे कुणाच्या जागेत?"

"माझ्या! झाव माझा आहे!" अब्दुल मौजूद ओरडला.

"मग त्याच्याच दारात जेवला. घर शाबूत आहे. जा."

अब्दुल मौजूदने तिथेच बसच्या चाकाला डोकं टेकलं. दहब म्हणाली, "चाकाला कशाला, पेज मी केलीय." आणि रिकामी वाटी घेऊन घराकडे निघाली. तो मागोमाग. योपसाहेबांनी खिडकीतून तिला हाक मारली, आणखी आहे का म्हणून.

बोट अर्थातच गेली होती. मी बस दक्षिणेला हाणली. एस्नाच्या बंधाऱ्यावर दरवाजातून पार व्हायला बोटींची रांग लागते, तिथे आमची बोट अडकून उभी होती, अल्लाची मेहेरबानी. वाटेत शाहिनाझ म्हणाली, "बशंदीकाका, कचेरीत काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, बसचं चाक पंक्चर झालं." हानेकेबाईंनी मागून विचारलं, हा काय म्हणतोय? शाहिनाझने सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून सही करून दिलं की उशीर त्यांच्या हट्टामुळे झाला. खोट्यावर सही करणार नाहीत म्हणाल्या, आणि हट्ट केला ते खरंच होतं.

पलीकडे डफ वाजला बघा, शेख येताहेत. अब्दुल मौजूद समोरच बसलाय, मिशीवाला. त्याला भट्टीचं विचारू नका, उठून जाईल. पण शेख शेवटी हात उचलून दुआ मागतील ना, तेव्हा तुमच्या माणसांच्या नावांबरोबर हॉलंडच्या त्या हानेकेबाईंचंही नाव घ्या. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या. आता हयात आहेत की नाहीत, तेही ठाऊक नाही. तरी घ्या. दहब रोज घेते.