डोंगराला ठोकायचे खिळे

डोंगरबाबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी कलश. बाबा डोळे मिटून म्हणाले, "धरणीमाते, गुरगुर बघू." दण, दण, दण! जमीन हादरली, कलशातलं पाणी थरथरलं. बाबांनी हात वर केला आणि सगळं चिडीचूप झालं.

"डोंगर सुटायच्या बेतात आहे," बाबा म्हणाले. "खिळे ठोकून जखडतो त्याला. शाळेच्या सळ्या आणल्यात, उत्तम केलंत."

गावच्या शाळेतली टेकमायामिस त्या सळ्या मोजत उभी होती. मागच्या भूकंपात शाळा भुईसपाट झाली होती. शनिवारची सुट्टी, म्हणून पोरं वाचली. नव्या भिंतींच्या सळ्या आता बाबांच्या अंगणात पडल्या होत्या.

"मिस, तोंड का पाडलंत? प्रसाद घ्या," मुखिया रणध्वजआजोबा म्हणाले.

प्रसाद म्हणजे मूठभर पोहे. मिस चावता चावता थांबली; दाताखाली कोंडा आला होता.

"आजोबा, हे रोज गरम असतात?"

"रोज. धरणीमातेची ऊब आहे ती."

"आणि हा कोंडाही तिचाच?"

ती तडक घरामागे गेली; गर्दीही मागोमाग. तिथे ढिकीवर बाबांची धिप्पाड बायको घामाघूम उभी होती. ढिकीचं शेपूट पायाने दाबायचं, सोडायचं, की पुढचं मुसळ उखळातल्या भाजल्या भातावर आदळतं आणि पोहे होतात. हे धूड गावात घरोघरी होतं, पण बाबांकडेही असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"उतरू का आता?" तिने विचारलं. "भिंतीच्या भोकातून ह्यांचा हात नीट दिसत नाही."

"ही सगळी माया आहे," मागोमाग आलेले बाबा पुटपुटले.

"माया कसली, माझ्या पोटऱ्या आहेत."

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. मिसने ढिकी पायाने दाबून धरली. "खरा भूकंप असा असतो. दक्षिणेकडची जमीन आपल्या डोंगराखाली नख वाढावं तशी हळूहळू घुसतेय. पण खाली खडक अडकलेत, म्हणून वर्षानुवर्षं ताण साठतोय. आता सगळं शांत आहे ना?"

"आहे," आजोबा वाकून म्हणाले.

मिसने पाय काढला. दण! आजोबा दोन हात मागे उडाले.

"हा ताण कधी सुटेल, ते मलाही सांगता येत नाही आणि ह्या बाबांनाही नाही. डोंगर खिळ्यांना जुमानत नाही, आजोबा. पण सळई भिंतीत असली तर भिंत पोरांवर पडणार नाही."

आजोबांचा नातू त्याच शाळेत होता. ते बाबांकडे वळले. "चला. सळ्यांना खांदा द्या."

सळ्या शाळेकडे परत निघाल्या. पुढचं टोक बाबांच्या खांद्यावर, मागचं आजोबांच्या. तेव्हा मंडळी, हात जोडायच्या आधी घरामागे एक चक्कर मारून या. आणि डोंगराची भीती वाटत असेल, तर भिंत नीट बांधा.