स्टिकरमागचा दिवा

फोन वाजला आणि अजिनाथच्या कपाळाची शीर उठली. पलीकडून काय ऐकायला मिळणार, ते त्याला पाठ झालं होतं. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, डिझेल काय तुझ्या बापानं भरलंय का.

तसंच झालं. मालक काकासाहेबांची नवी गाडी राहात्याजवळ पाटाच्या कडेला मोकळ्या मुरमावर उभी होती. उसाच्या फडातून काढून अजिनाथनं ती मुद्दाम तिथं आणली होती.

"मालक, पिवळा दिवा लागलाय. जाळी साफ व्हतीया," तो म्हणाला. "अर्धा तास इंजिन चालू ठिवायला लागतंय."

"दिवा ऱ्हाऊ दे. आधी बंद कर," काकासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

अजिनाथनं चावी फिरवली. इंजिन थांबलं, दिवा मात्र तसाच राहिला. त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली.

गाडी नवी होती तसा अजिनाथही नवाच होता. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावचा हा पोरगा. आईबापाबरोबर दर हंगामात ऊसतोडीला इकडं यायचा. ऊस तोडून हाताला घट्टे पडले, तेव्हा त्यानं हट्टानं जड वाहनाचं लायसन काढलं. त्याच्या गावचा जुना ड्रायव्हर सूर्यभानमामा काकासाहेबांच्या दुसऱ्या ट्रकवर होता. त्यानं शब्द टाकला आणि अजिनाथला ही गाडी मिळाली. आता टोळी ऊस तोडायची, त्याची आई मनकर्णा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायची, आणि ती गाडी तो कारखान्यावर न्यायचा. तो गाडीवर गेल्यामुळं टोळीत एक माणूस कमी होता. मुकादम दिसेल तेव्हा विचारायचा, "कवा येतूस कोयता घ्यायला?" विचारायचा हसत, पण एक दिवस चुकायचा नाही.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी शोरूमच्या माणसानं सगळं समजावून सांगितलं होतं. काकासाहेब तेव्हा नारळ फोडण्यात आणि पेढे वाटण्यात गुंतले होते. ऐकलं ते अजिनाथनं. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते. धुरातली काजळी ती अडवून धरते, म्हणून मागे काळा धूर दिसत नाही. पण अडवलेली काजळी जाणार कुठं? ती जाळीतच साचते. गाडी मोठ्या रस्त्यावर बराच वेळ पळाली, की धूर इतका तापतो की काजळी आपोआप जळून जाते. तशी पळाली नाही, तर ठिपक्यांचा पिवळा दिवा लागतो. मग गाडी मोकळ्या जागी उभी करायची, बटण दाबायचं आणि दिवा विझेपर्यंत चावीला हात लावायचा नाही. मध्येच बंद केलं तर अर्धवट जळलेली काजळी तशीच राहते आणि तिच्यावर नवी बसते. दिवा लुकलुकायला लागला की गाडीचा जोर जातो. तरीही ऐकलं नाही तर दिवा लाल होतो, आणि गाडी ओढून न्यावी लागते.

ऊसवाहतुकीत गाडी तापणार कधी? फडातून पहिल्या गिअरमध्ये चिखल तुडवत निघायचं, थोडं अंतर गेलं की कारखाना. तिथं आवारात नंबर लावायचा आणि मुंगीच्या पावलानं पुढं सरकायचं. रिकामी गाडी अधूनमधून नगर-मनमाड रस्त्यानं पळवून आणतो, असं अजिनाथनं सुचवून पाहिलं होतं. काकासाहेब अंगणभर ऐकू जाईल असे हसले होते. "गाडी हाय का म्हस, फिरवून आनायला?"

काकासाहेबांनी तरुणपणी स्वतः ट्रक हाकला होता. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवणारा ड्रायव्हर डिझेलवर हात मारतो, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. नव्या गाडीबरोबर त्यांच्या मोबाईलमध्ये गाडीवर नजर ठेवणारी घंटी आली. उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की ती वाजायची, आणि मग अजिनाथचा फोन वाजायचा. पाटाच्या कडेला वाजला, पेट्रोल पंपामागं वाजला, कारखान्याच्या फाटकाबाहेर वाजला. दर वेळी त्यानं चावी फिरवली आणि राग गिळला.

सूर्यभानमामाला त्यानं हे सांगितलं. मामा केबिनमध्ये चढला, दिव्याकडं बघून तोंड वाकडं केलं आणि खिशातून मोहटादेवीचं स्टिकर काढून नेमकं त्या दिव्यावर चिकटवलं.

"माझ्या गाडीला दिवाच नव्हता, तरी चालली का न्हाई? दिव्याकडं बघतूस म्हनून तुला भ्या वाटतंय. आता देवीकडं बघ."

अजिनाथच्या घरातली ती कुलदेवी. सकाळी गाडीवर बसताना तो तिला हात जोडायचा. स्टिकर चुकीच्या जागी आहे हे त्याला रोज कळत होतं, पण देवीच्या चेहऱ्याला नख लावून ते उचकटायचं कसं? चार दिवस दिवा दिसला नाही. त्याला बरंही वाटलं.

पाचव्या दिवशी भरल्या गाडीनं कारखान्याच्या आवारात दगा दिला. वजनकाट्याकडं जाणाऱ्या लहानशा चढावर तिचा जोर गेला. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी ती कण्हत होती. मागं सूर्यभानमामाचा ट्रक, त्याच्यामागं ट्रॅक्टर, आणि सगळ्यांचे हॉर्न. कुणीतरी ओरडून विचारलं की बैल आणून जुंपू का. अजिनाथनं देवीला मनात हात जोडले आणि स्टिकरचं टोक उचललं. मागं पिवळा दिवा लुकलुकत होता. लाल झाला नव्हता.

काकासाहेब आवारातच होते. सगळ्यांदेखत ते दाराशी आले आणि नव्या गाडीची वाट लावलीस, तुझी लायकी कोयत्याचीच, असं बरंच काही बोलले. मामा मागून आला, पण स्टिकरचं काही बोलला नाही. काकासाहेबांना कुणीतरी बटणाचं सांगितलं असावं.

"ते बटन दाब. हितंच कर साफ," ते म्हणाले. "नंबर सोडायचा न्हाई."

अजिनाथनं खाली बघितलं. आवारभर उसाच्या वाळलेल्या पानांचं पाचट घोट्याएवढं पसरलं होतं. शेजारी उसानं भरलेल्या बैलगाड्या, त्यांना बांधलेले बैल. कुंपणापलीकडं तोडणाऱ्यांच्या पाचटानंच शाकारलेल्या कोप्या, आणि त्यातल्याच एकीत त्याची आई राहत होती. त्यानं इंजिन बंद करून चावी काढली आणि मुठीत धरली.

"हितं न्हाई."

"काय म्हनलास?"

"मोकळ्यात करत हुतो तवा तुमी फोन करून बंद करायला लावलं. दर डाव. आता म्हनता पाचटावर कर. सायलेन्सर तव्यावानी तापतो, मालक. ठिनगी लागंल. त्या कोपीत माझी आय ऱ्हाती."

"चावी दे आन् उतर खाली."

"उतरतो. गाडी मोकळ्यात नेतो, दिवा इझवतो, मंग उतरतो. तवर चावी कुनाला देनार न्हाई."

गिळलेला सगळा राग एकदम वर आला होता. काकासाहेबांनी हात पुढं केला, अजिनाथनं मूठ छातीशी नेली. मग त्यानं गाडी चालू केली आणि रांगेतून बाहेर वळवली. गाडी रखडत चालली होती. काकासाहेब शिव्या देत शेजारून चालले, आणि शेवटी धाप लागून दुसऱ्या दारानं केबिनमध्ये चढून बसले.

वर्कशॉपमागं उघडा मुरूम होता. अजिनाथनं गाडी तिथं लावली, खाली उतरून सायलेन्सरपाशी अडकलेलं पाचट हातानं ओढून काढलं, आणि वर येऊन बटण दाबलं. इंजिनचा आवाज चढला. दोघं एकमेकांकडं न बघता बसले.

थोड्या वेळानं काकासाहेबांच्या खिशात घंटी वाजली. त्यांनी मोबाईल काढून बघितला आणि परत ठेवला. ती पुन्हा वाजली.

"घ्या की," अजिनाथ म्हणाला. "गाडी उभी हाय, इंजिन चालू हाय. ड्रायव्हरला इचारा, डिझेल कुनाच्या बापाचं हाय म्हनून."

काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी चावीकडं बघितलं, मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडं. हात मांडीवरून हलला नाही.

लुकलुकणं थांबलं. बऱ्याच वेळानं दिवा विझला. अजिनाथनं चावी काढून मालकांच्या पुढ्यात ठेवली, स्टिकर अलगद सोडवून काचेच्या वरच्या पट्टीवर नीट दाबून बसवलं आणि दार उघडलं.

"कुठं चाल्लास?"

"उतर म्हनला हुता."

"नंबर घालवलास माझा," काकासाहेब गुरगुरले. "तू घालवलास, तूच लाव मागं जाऊन."

अजिनाथ पायरीवरच थांबला. "परत दिवा लागला तर मी परत मोकळ्यात उभी करनार. तवा फोन आल्याला मला चालनार न्हाई."

काकासाहेबांनी खिशातून मोबाईल काढून त्याच्यापुढं धरला.

"ही घंटी कुठनं बंद करायची?"

अजिनाथचा राग उतरला नव्हता. त्यानं फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला, घंटी बंद केली आणि परत दिला. मग चावी उचलली आणि गाडी रांगेच्या शेपटाकडं वळवली.