झिरो बघा, दादा

“टाकी उघडा! आमच्या डोळ्यांसमोर उघडा!” रांगेतून कुणीतरी ओरडलं, तशी संघप्रियाने तेलाची खोली मोजायची पितळी सळई उचलली.

पन्हाळा रस्त्यावरच्या या पंपावर ती सतरा वर्षं कामाला होती. सकाळी मोबाईलवर बातमी फिरली, की आखातात लढाई पेटलीय, तेलाची जहाजं अडकलीत, उद्यापासून थेंब मिळणार नाही. झालं! अख्खं कोल्हापूर बाटल्या आणि कॅन घेऊन लोटलं. ज्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने दारात धूळ खातात, तेही टाकी फुल्ल करून गेले. संध्याकाळी पंप कोरडा पडला. तिकडे समुद्रापार कुणी कुणाशी भांडावं आणि इथे माणसांनी एकमेकांच्या उरावर बसावं, असला हा तेलाचा कारभार. सकाळी ‘ताई, ताई’ करणारी तोंडं आता तिच्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती.

रांगेत सगळ्यात पुढे कृष्णातचा टेम्पो होता. वाडीवस्तीवरचं दूध तो डेअरीला पोचवायचा. मागे दुधाचे भरलेले कॅन आणि गाडीत डिझेल नाही. रोज नळी लावताना ती म्हणायची, “झिरो बघा, दादा.” मीटर शून्यावर आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायची पंपाची रीतच ती. आणि कृष्णात मान न वळवता सांगायचा, “तू हाईस न्हवं? मग काय बघायचं?” या एका वाक्यावर तिचा दिवस गोड जायचा, खोटं कशाला बोला.

“थांबा, दावते की!” म्हणत तिने जमिनीखालच्या टाकीचं झाकण काढलं आणि सळई तळापर्यंत सोडली. रागाच्या भरात एक गोष्ट ती विसरली. टाकीच्या तळाशी चार बोटं तेल नेहमीच राहतं, पंपाचा पाइप तिथवर पोचतच नाही. सळई वर आली ती खालून ओलीचिंब.

“हाय की! लपवून ठेवलंय!” एकच गिल्ला झाला.

“आवं, तळाचं हाय ते. वढतच न्हाय वर.” तिचं कुणी ऐकेना.

कृष्णात खाली उतरला. त्याने सळईकडे बघितलं, मग तिच्याकडे. “हेंचं जाऊ दे. तू सांग, संघप्रिया. कुणासाठी काय बाजूला काढलेलं न्हाय, एवढंच म्हण. मी गाडी ढकलत न्हेतो.”

‘न्हाय’ हा शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिथेच थिजला. पहाटे मालक बाळासोने तिच्याच हातून दोन कॅन डिझेल भरून आपल्या गाडीच्या डिकीत ठेवून घेतलं होतं. “शेतातल्या इंजनाला पायजे. बोलू नगोस कुणाला.” सकाळी बातमी आली तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. बातमी फुटायच्या आधी मालकाला कसं कळलं? बाळासो आता काचेच्या केबिनमध्ये बसला होता. त्याने एकदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण याच नोकरीवर चाललं होतं.

तिने मान खाली घालून टाकीचं झाकण लावलं.

“बरं,” कृष्णात म्हणाला आणि टेम्पो बाजूला ढकलू लागला. एक-दोघांनी हात लावला. संघप्रियाने लावला नाही, तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी दूध डेअरीला न्यायला दुसरी कुणाची गाडी मिळाली नाही. सकाळी ती कामावर आली, तेव्हा कृष्णात एकेक कॅन उपडा करत होता आणि रस्त्याकडेचा चर लांबपर्यंत पांढरा झाला होता.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. रांगा गेल्या, लोक पुन्हा ‘ताई’ म्हणू लागले. कृष्णातचा टेम्पो नेहमीच्या वेळी येऊन थांबला. तिने हात पुसले, नळी उचलली आणि जरा हळूच म्हणाली, “झिरो बघा, दादा.”

कृष्णातने इंजिन बंद केलं. दार उघडून तो खाली उतरला. खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मीटरपाशी वाकून बघितलं.

“व्हय, हाय झिरो,” तो म्हणाला. “घाल.”

आणि आकडे थांबेपर्यंत तो तिथून हलला नाही.