दर दोन तासांनी कूस

मालक बोलायला लागला की सुरीला जांभई यायची. अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळायला घरोघरी बाया पुरवायची त्याची एजन्सी. दर बैठकीत हात जोडून म्हणायचा, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." कुटुंब म्हणे! बारा तासांची पाळी चौदावर गेली तरी हूं की चूं नाही, आणि पेशंटसाठी ठेवलेल्या बाईकडून घरातल्या सुना खुशाल पडदे धुवून घ्यायच्या.

धारदार जिभेमुळे तिला सगळ्या सुरी म्हणायच्या. त्या सगळ्यांचंही तिला कौतुक नव्हतं. बसथांब्यावर गळे काढायचे आणि मालक दिसला की "साहेब, तुमच्यामुळे चूल पेटते" म्हणायचं! पण वजनदार पेशंटला एकटीने उचलताना तिच्या मैत्रिणीची कंबर गेली. एजन्सीने दुसऱ्याच दिवशी बदली बाई धाडली; मैत्रिणीला साधा फोनसुद्धा नाही. तेव्हा सुरीने युनियनचे फॉर्म आणले. "रडायचं ते घरी रडा, इथे सही करा," म्हणत तिने एक्केचाळीस सह्या गोळा केल्या.

मालकाला कुणकुण लागली. सुरी त्याच्याच आईला सांभाळत होती, तरी सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच भरदुपारी त्या खोलीत आला. नाकाला रुमाल लावून दाराशीच उभा राहिला. म्हातारीचं अंग लुळं पडलं होतं, पण जीभ शाबूत होती.

"तू मला बहिणीसारखी," तो म्हणाला. "हे युनियनचं खूळ सोड, तुला सुपरवायझर करतो."

"बरं झालं भाऊ आला. आईची कूस बदलायची वेळ झालीय. धरा."

त्याने बगलेत हात घालून आईला ओढलं. म्हातारी कळवळली.

"पोतं आहे का ते? आधी गुडघा दुमडा. खांदा आणि कंबर एकदम वळवा."

त्याला घाम फुटला. मोरीत जाऊन बराच वेळ हात धुतले आणि तिथूनच ओरडला, "उद्यापासून येऊ नकोस!"

"मग तू वळवशील मला?" म्हातारीने विचारलं.

"दुसरी बाई येईल."

"शोधा," सुरी म्हणाली. "सही न केलेली कुणी सापडते का बघा."

एक सापडली. दुपारपर्यंत टिकली आणि पाठ धरून निघून गेली. नंतर कुणी फिरकलंच नाही. सुरीला खरं तर हसू यायला हवं होतं, पण घरी भाजी चिरतानासुद्धा तिची नजर घड्याळाकडे जायची. दोन तास झाले. चार झाले. तिसऱ्या दिवशी न बोलावता ती तिथे जाऊन धडकली.

म्हातारीच्या कमरेवर रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. सुरीने शिव्या हासडल्या; आधी मालकाला, मग मनातल्या मनात स्वतःला. म्हातारीला पुसलं, वळवलं, पाठीशी उशी लावली. मगच पिशवीतून मागण्यांचा कागद काढून दाराशी उभ्या मालकापुढे धरला.

मालक वाचत राहिला. "अगं, पण एवढी पगारवाढ..."

"सही कर, गाढवा," भिंतीकडे तोंड करून म्हातारी म्हणाली. "तीन दिवसांत तुला आईला हात लावायचं धैर्य झालं नाही."

त्याने सही केली, पण घासाघीस करूनच. बाराच तासांची पाळी, आठवड्याला सुट्टी, जड पेशंटला दोघीजणी. पगार मात्र मागितल्याच्या निम्माच वाढला. मैत्रिणीच्या उपचाराचा खर्च द्यायला त्याने साफ नकार दिला. त्यासाठी सुरीने दुसरा अर्ज लिहायला घेतला.

पुढच्या बैठकीत मालकाने ही सगळी आपलीच कृपा असल्यासारखं भाषण ठोकलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर वाकून नमस्कारही केला.

"मेंढरं!" सुरी पुटपुटली आणि युनियनच्या वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन दारातच बसली, म्हणजे एकही मेंढरू चुकून निसटायला नको.