टेप ११४, ध्वनी स्वच्छ

दुकान विकले जाते तेव्हा त्यात साठलेली माणसांची तोंडेही विकली जातात, हे दिपमालाला श्रेयांसच्या स्टुडिओत नोकरीला लागल्यावर कळले. जळगावातल्या एका वृद्ध छायाचित्रकाराने धंदा गुंडाळला आणि कॅमेरे, दिवे, पडदे यांच्यासोबत सहाशे डिजिटल व्हिडिओ टेपाही श्रेयांसच्या पदरात पडल्या. काड्यापेटीहून जराशा मोठ्या त्या डब्यांत वीस वर्षांपूर्वीच्या हळदी, वराती आणि पाठवण्या श्वास रोखून बसल्या होत्या. दिपमालाने एकेक टेप यंत्रात घालायची, कानाला हेडफोन लावायचे आणि वहीत नोंद करायची: दृश्य कितव्या मिनिटाला सुरू झाले, कुठे संपले, त्यात कोण आहे, चित्र कसे, ध्वनी कसा. शेवटच्या रकान्यात दोनपैकी एक शब्द. ‘घ्या’ असेल तर तो तुकडा संगणकात उतरे. ‘नको’ असेल तर टेप पोत्यात जाई आणि सोमवारी पोते भंगारात. श्रेयांस नोंदी वाचत नसे. शेवटचा रकाना तेवढा पाही. दिपमालाची नोंद चुकत नाही, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि ते खरेही होते.

जुन्या लग्नांच्या टेपा सापडल्याची बातमी मोबाइलवरून गावोगाव फिरली आणि लोक येऊ लागले. एप्रिलच्या एका शुक्रवारी श्रेयांसने एका म्हातारीला आत आणून बसवले, दिपमालाताई यांचे बघतील असे सांगितले आणि तो बाहेर गिऱ्हाइकाकडे गेला. म्हातारीने डोक्यावरचा पदर मागे सारला. चौदा वर्षे झाली होती, तरी दिपमालाने ते कपाळ ओळखले. एरंडोलजवळच्या गावची यशोदाबाई. एके काळची तिची सासू.

यशोदाबाईनेही ओळखले.

म्हातारीने पिशवीतून व्हिडिओची एक तबकडी काढून टेबलावर ठेवली. मुलाच्या, अमृतच्या आणि दिपमालाच्या लग्नाची. त्या काळचे व्हिडिओवाले लग्नाचा मूळ आवाज काढून टाकत आणि वर सिनेमाची गाणी चढवत. तशीच हीही होती. तिच्यात अमृतच्या हळदीच्या मांडवात त्याची बहीण रूपा कॅमेऱ्याकडे वळते, हात उचलते, काहीतरी बोलते, आणि तिच्या ओठांवर कुणी परकी गायिका गात राहते. लग्नानंतर दीड वर्षात रूपा काविळीने गेली. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. असलाच तर या सहाशे डब्यांपैकी एकात, गाणी चढण्याआधीचा.

“ती माले बलाई ऱ्हायनी,” यशोदाबाई म्हणाली. “हात करीसन. ‘माय, आठे ये’ म्हनस. ओठ दिसतस ना. मी सतरा वरीस देखी ऱ्हायनू.” मग आवाज खाली आणून तिने विचारले, “तिना आवाज शे का त्यामा?”

“बघावे लागेल, यशोदाबाई,” दिपमाला म्हणाली. सासूला आत्या म्हणायची सवय जिभेवरून कधीच खरवडून काढलेली होती.

तिने तिला बाहेरच्या बाकावर बसवले आणि डबा शोधला. ११४. तेविसाव्या मिनिटाला रूपा आली. हळदीने माखलेली, एकोणीस वर्षांची. तिने हात उचलला, पण तो बोलावणारा नव्हता. कॅमेऱ्याला एका दिशेपासून परतवणारा होता.

“ओ भाऊ, मन्या मायले नका काढू. डाकीन सारखी दिसी ऱ्हायनी.” आणि मागून पोरींचा खिदळता लोंढा.

दिपमालाने हेडफोन काढले. तिला सोळा वर्षांपूर्वीचा श्रावण आठवला. कानबाई देवी घरात बसवण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तिची आई गेल्याचा निरोप यशोदाबाईच्या कानावर आला होता. सून सुतकात गेली तर कानबाईच्या नैवेद्याचे रोट बाटतात. म्हणून सासूने निरोप पदराआड ठेवला. रविवारी दिपमालाने देवीपुढे रोट भाजले, रात्री बायकांबरोबर गाणी म्हटली, सोमवारी देवीला नदीवर पोहोचवून हसत घरी आली. मंगळवारी सकाळी, शेवटचा रोट खाऊन झाल्यावर, भांडी घासताना तिला सांगितले गेले. तोवर आईची राख तापीत गेली होती. दोन वर्षांनी तिने ते घर सोडले, पण ते तीन दिवस तिला सोडून गेले नाहीत.

आता हा निरोप तिच्या पदराआड होता, आणि झाकून ठेवणे ही दया ठरली असती. तिने दया केली नाही. यशोदाबाईला आत बोलावून तिने खुर्चीवर बसवले, हेडफोन स्वतःच्या हातांनी तिच्या कानांवर बसवले, आवाज पूर्ण वाढवला आणि पडद्याकडे न पाहता तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

चेहरा आधी निश्चल होता. मग कपाळावर एक आठी उमटली. मग म्हातारीचा हात वर गेला आणि तिने विस्कटलेल्या बटा पदराखाली सारल्या, कॅमेरा अजून तिच्यावरच रोखलेला असल्यासारखे.

दिपमाला वाट पाहत होती.

“खरं शे,” यशोदाबाई म्हणाली. “रातभर चूल फुकेल व्हती ना. काळीठिक्कर पडेल व्हती मी.” आणि ती हसली. बोळक्या तोंडाने, ओल्या डोळ्यांनी, पण हसलीच. “आखो एकदाव लाव व, दिपमाला.”

दिपमालाने लावले. मग पुन्हा, आणि पुन्हा. चौथ्या वेळी म्हातारी डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होती. रूपाचा आवाज जरा बसलेला आहे, तिने सांगितले. त्या आठवड्यात पोरीला सर्दी झाली होती, मीच काढा केला होता, म्हणाली. शब्द तिच्या अंगावरून केव्हाच ओघळून गेले होते. उरला होता तो नुसता आवाज, आणि तो तिने ओंजळीत पाणी धरावे तसा धरला होता. घाव नेमका बसला होता. जिच्यावर बसला तिला तो प्रसाद वाटला.

उठताना तिने रुमालाची गाठ सोडून एक पेनड्राइव्ह काढला. अमृतच्या, दुसऱ्या बायकोपासूनच्या पोराने दिला म्हणाली. पोराचे नाव दिपमालाने विचारले नाही. रूपाचा आवाज त्यात भरून ठेव, सोमवारी येऊन घेऊन जाते, असे ठरले. दारापर्यंत गेलेली यशोदाबाई उंबऱ्यावर थबकली, वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी माया होती.

“तुन्या मायना आवाज शे का व तुनाजोडे?”

दिपमालाने त्या डोळ्यांत तो श्रावण शोधला. तिथे तो नव्हता. लपवलेला नव्हता, नाकारलेला नव्हता, नव्हताच.

“नाही,” ती म्हणाली.

म्हातारी जिभेने हळहळली, तुझे भले होवो म्हणाली आणि उन्हात उतरली.

दिपमालाने वही ओढली. टेप ११४. २३ मिनिटे ०८ सेकंद ते २३ मिनिटे १९ सेकंद. हळदीचा मांडव, रूपा, वराची बहीण, कॅमेऱ्याशी बोलते. चित्र चांगले. ध्वनी स्वच्छ. अक्षर नेहमीसारखेच टपोरे, रेघ न सोडणारे. शेवटच्या रकान्यात तिने ‘नको’ लिहिले, डबा पोत्यात टाकला आणि टेप ११५ यंत्रात घातली.

सोमवारी भंगारवाला दहाला आला. एरंडोलची बस साडेअकराला येते.