दोन रिसीव्हर आणि तिसरा आवाज

मित्रांनो, टेलिफोन म्हटला की एक रिसीव्हर, हे तुम्ही धरूनच चालता. मला दोन आहेत. मी एक जुना, राखाडी, कोपऱ्यावर टवका उडालेला टेलिफोन आहे आणि माझा उभा जन्म हॉस्पिटलात गेला. तिथल्या वस्तू तशा मितभाषी. थर्मामीटर एक आकडा सांगतो की पुन्हा तोंड मिटून पडतो. मी मात्र बोलण्यासाठीच जन्माला आलो. तरीही एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. ती आठवली की अजून माझ्या वायरीतून शहारा जातो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. वितळलेल्या कथलाचा वास, डोक्यावर पांढरे दिवे. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझे दोन्ही रिसीव्हर दोन कानांना लावले आणि "हॅलो" म्हटलं. त्यांचाच आवाज क्षणभर उशिराने त्यांच्या कानात आला. "अगबाई!" असं म्हणून त्यांनी मला असं काही झटकन खाली ठेवलं की पहिला टवका तिथेच उडाला. दुसऱ्या दिवशी मी खोक्यात बंद झालो.

मी ज्या हॉस्पिटलात आलो, तिथे परदेशातून पोटासाठी आलेली माणसं फार यायची. कुणी इमारतींवर काम करायचं, कुणी हॉटेलात भांडी घासायचं, कुणी नुसताच प्रवासाला आलेला असताना आजारी पडायचा. दुखणं सगळ्यांचं सारखं, पण सांगायला भाषा नाही. मग काय व्हायचं? डॉक्टर मोठ्याने ओरडायचे. समोरच्याला भाषा कळत नसली की माणसं त्याला बहिरा का समजतात, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

काहीजण घरचं माणूस सोबत आणायचे. एक म्हातारी आई यायची, मुलगा तिचं बोलणं सांगायचा. ती पाच मिनिटं बोलायची आणि हा म्हणायचा, "आई म्हणते, बरं आहे." मग एक दिवस मोठ्या सिस्टरनी मुलाला बाहेर बसवलं आणि मला खोलीत आणलं. एक रिसीव्हर डॉक्टरीणबाईंच्या कानाला, दुसरा म्हातारीच्या. लाइनवर दूर कुठेतरी, आपल्या घरी बसलेली दुभाषी बाई. म्हातारी कुजबुजली आणि दुभाषी बाईंनी ते इथल्या भाषेत सांगितलं, "माझ्या छातीत गाठ आहे. मुलाला सांगू नका, तो कामावर जायचा थांबेल." वेळेवर कळलं म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून माझा भाव वधारला. मला चाकांचं टेबल मिळालं आणि सिस्टर रोज मला पुसू लागल्या.

आता नीट ऐका. दुभाष्यांच्या कामाची एक रीत असते. "तो म्हणतो, ती म्हणते" असं ते म्हणत नाहीत. रोगी "माझं पोट दुखतंय" म्हणाला, की दुभाषीही "माझं पोट दुखतंय" असंच म्हणतो. स्वतःबद्दल काही सांगायचंच झालं, तर आधी "दुभाषी सांगतेय" असं म्हणायचं. एरवी आपण नाहीच, असं वागायचं.

रीत चांगली आहे, कामाची आहे. पण मी आतून ऐकायचो ना! बाळंतपणाच्या कळा देणारी बाई आणि तिच्या कळा शांतपणे सांगणारा एखादा घोगरा पुरुषी आवाज. मृत्यूला घाबरलेला पहिलवान आणि "मला मरायचं नाही" असं सांगणारा एका मुलीचा नाजूक आवाज. रोग्याचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे, भलत्याच गळ्यातून. नव्या डॉक्टरांच्या अंगावर काटा यायचा. जुन्यांना सवय झाली. त्यांना तो आवाज ऐकूच येईनासा झाला, फक्त दुखणं ऐकू यायचं.

एकदा एका चिमुरडीने मला उचलून खालून, वरून पाहिलं आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. दुभाषी बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, "या डब्यात कोण राहतं?"

डॉक्टर हसले. "कुणी नाही गं, बाळा."

आणि दुभाषी बाईंना ते मुलीच्या भाषेत सांगावं लागलं, "कुणी नाही गं, बाळा." त्यांचा आवाज इतकासुद्धा हलला नाही. पण फोन ठेवायच्या आधी त्या क्षणभर थांबल्या. मी त्यांच्या खोलीतली खुर्ची करकरलेली ऐकली.

या त्याच दुभाषी बाई, ज्यांच्याबद्दल मला सांगायचंय. सगळ्यात जास्त त्याच माझ्या लाइनवर असायच्या. त्यांच्या खोलीतली किटली, खिडकीची सैल कडी, सगळं मला ओळखीचं झालं होतं. काम संपल्यावर मोठ्या सिस्टरशी दोन शब्द बोलायच्या. एकदा हसत म्हणाल्या, "सिस्टर, आज माझा उजवा गुडघा ठणकतोय हो. पण तो माझा नाही. सकाळच्या आजोबांचा आहे. दिवसभर त्यांचं दुखणं सांगितलं ना, आता जात नाही."

सिस्टर म्हणाल्या, "काहीतरीच तुमचं! गरम पाण्याने शेका."

"कुणाचा शेकू?" बाई म्हणाल्या. दोघी खूप हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

मग ती दुपार आली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खोलीत एका जहाजावरचा आचारी बसला होता. थोराड, गोल चेहऱ्याचा, पायावर उकळतं तेल सांडून जखम चिघळलेली. दुभाषी बाईंची आणि त्याची मायबोली एकच, म्हणून गडी खुशीत होता. त्यांना "ताई, ताई" करत होता. डॉक्टरीणबाई मान खाली घालून पट्टी सोडत होत्या, रिसीव्हर खांद्याला अडकवलेला.

"जखम भरतेय," त्या म्हणाल्या. "आता नीट सांगा, तुम्हाला आणखी काय होतंय? काही लपवू नका."

प्रश्न पलीकडे गेला. आता तो आचाऱ्याच्या भाषेत त्याच्या कानात यायला हवा होता. आला नाही. लाइनवर नुसता श्वास होता. मग बाईंचा आवाज आला, पण इथल्या भाषेत.

"माझ्या छातीवर कुणीतरी बसलंय."

मित्रांनो, मी थिजलो. हा प्रश्न त्या माउलीने हजारो लोकांना पोचवला होता. त्यांना स्वतःला तो कुणी कधी विचारला असेल? आज त्यांनी तो पुढे दिलाच नाही. उत्तर दिलं.

आचाऱ्याला यातलं काही कळेना. "ताई? काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? ताई?" तो आपल्या भाषेत पुटपुटत होता. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली, तर त्याचे ओठ हलताना दिसले. झालं! त्यांना वाटलं, हाच सांगतोय.

"कधीपासून?"

"सकाळपासून. डावा हात जड झालाय. दरदरून घाम सुटलाय."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "सिस्टर, ईसीजी काढा. लगेच!"

त्याला आडवं केलं, शर्ट उघडला, छातीवर तारा चिकटवल्या. कागद सरसरत बाहेर आला. त्यावरच्या रेघा निरोगी माणसाच्या होत्या. डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करत राहिल्या आणि त्यांच्या कानात तो आवाज सांगत होता, "आता जबड्यात दुखतंय. डोळ्यांपुढे अंधारी येतेय." पलंगावरचा माणूस टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता.

आचाऱ्याला शब्द कळत नव्हते, पण धाप कळत होती. धापेला कुठली आलीय भाषा? तो ताडकन उठून बसला, छातीवरच्या तारा उपटून ओरडू लागला, "अहो, मी नाही! ती! ती बाई! तिला बघा!" खोलीतल्या लोकांना तो फक्त आरडाओरडा वाटला. दोन वॉर्डबॉय धावत आले आणि त्यांनी त्याचे खांदे दाबून धरले.

"भेदरलाय बिचारा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि झोपेचं इंजेक्शन भरू लागल्या.

मी काय करणार होतो? दोन रिसीव्हर असून मला स्वतःचं तोंड नाही. तो झोपला असता, तर पलीकडे काय चाललंय हे सांगणारं जगात कुणी उरलं नसतं. सुई जवळ येत होती आणि पलीकडची खुर्ची करकरत होती.

आणि मग त्या आचाऱ्याने जे केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो एकदम ओरडायचा थांबला. त्याने रिसीव्हर सोडून दिला. रिसीव्हर वायरीवर लोंबकळू लागला. मग त्याने दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाहत तसाच बसून राहिला.

वॉर्डबॉयनी त्याचे खांदे सोडले. आणि त्या बंद तोंडाच्या माणसासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या कानात आवाज आला, "मला श्वास घेता येत नाहीये."

त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "हे... हे कोण बोलतंय?"

लोंबकळत्या रिसीव्हरमधून तोच प्रश्न आचाऱ्याच्या भाषेत बाहेर पडला, "हे कोण बोलतंय?" इतक्या यातनांतही बाई सवयीने काम करत होत्या. सिस्टरच्या हातातली सुई खाली पडली. त्यांनी रिसीव्हर उचलून आचाऱ्याच्या कानाला लावला.

"ताई, तुम्हीच बोलताय," तो रडवेला होऊन म्हणाला. "तुमच्याच छातीत दुखतंय, ताई."

आणि बाईंनी तेही इमानेइतबारे इथल्या भाषेत सांगितलं, "ताई, तुम्हीच बोलताय. तुमच्याच छातीत दुखतंय, ताई."

सांगून झाल्यावर त्या थांबल्या. आपल्याच तोंडून ऐकलं, तेव्हा त्यांना ते पहिल्यांदा कळलं.

"अगबाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दुभाषी सांगतेय. मला बरं वाटत नाहीये."

पुढची धावपळ काय सांगू! डॉक्टरीणबाईंनी पत्ता विचारला, बाईंनी तुटक तुटक सांगितला. बेकरीच्या वरचा मजला, दाराला आतून कडी. सिस्टरनी भिंतीवरच्या फोनवरून रुग्णवाहिका पाठवली. आचारी मात्र मला सोडेना. "ताई, झोपायचं नाही हं. सकाळी काय रांधलंत? मीठ बरोबर पडलं होतं का? खोटं बोलू नका, आचाऱ्याला कळतं." बाई कधी हुंकार द्यायच्या, कधी नाही. मग हुंकार थांबले. दार फुटल्याचा आवाज आला, पावलं आली, कुणीतरी भराभर बोललं आणि सगळे निघून गेले. लाइन तशीच चालू राहिली. त्या रिकाम्या खोलीतली खिडकीची कडी वाऱ्याने वाजत होती. फोन ठेवायची कुणाची छाती होईना.

बाई वाचल्या, मित्रांनो. त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. काही दिवसांनी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्याशी बोलल्या आणि बाई नुसत्या पाहत राहिल्या. मेंदूला काही वेळ रक्त पोचलं नव्हतं आणि इथली भाषा त्यांच्यातून पुसून गेली होती. राहिली होती फक्त आईकडून मिळालेली. मग सिस्टरनी माझं टेबल ढकलत त्यांच्या पलंगाजवळ आणलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. किती लहानखुऱ्या होत्या! त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. लाइनवर एक नवा पुरुषी आवाज होता. बाई हळूहळू बोलल्या आणि तो सांगू लागला, "माझ्या छातीत अजून जड वाटतंय. माझे हात गार पडतात." बाईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्या छिद्रांकडे बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा कानाला लावून काहीतरी विचारलं.

"तुमचं बरं आहे ना?" आवाज म्हणाला.

"माझं छान आहे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंनी नाही अशी मान हलवली. रिसीव्हरवर बोट ठेवून तेच पुन्हा विचारलं. आवाजाने तेच पुन्हा सांगितलं, "तुमचं बरं आहे ना?"

तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं. "त्या तुम्हाला विचारताहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला, फोनमध्ये जे आहेत त्यांना."

पलीकडे सामसूम झाली. इतकी, की लाइन तुटली असं सिस्टरना वाटलं. पण मला श्वास ऐकू येत होता.

"दुभाषी सांगतोय," शेवटी तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळाच होता. "थांबा हं. बघून सांगतो."

मित्रांनो, हल्ली माझ्या जागी चेहरा दाखवणारे पडदे आले आहेत. मी सामानाच्या खोलीत धूळ खात पडलो आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आवाजाला चेहरा मिळाला, हे बरंच झालं. मला पुसा, दुरुस्त करा, असंही मी म्हणत नाही. एवढंच मागतो की, तुमच्या आजारपणात, तुमच्या अडीअडचणीत कुणी तुमच्या वतीने बोलत असेल, तर काम झाल्यावर त्यालाही एकदा विचारा, तुझं बरं आहे ना. आणि उत्तर लगेच आलं नाही, तरी फोन ठेवू नका.